कळले कसे नाही?

आमच्या घरात रोज रात्री साडेनऊ वाजता एक खून होतो. जेवणे उरकलेली असतात, ओटा पुसून झालेला असतो, आणि सासूबाई पायांवर शाल घेऊन आरामखुर्चीत बसलेल्या असतात. "आज कोण ग?" असे त्या अगदी भाजी कोणती असे विचारावे तितक्या सहज विचारतात. पडद्यावर कुणीतरी मरून पडल्याशिवाय आईला झोप येत नाही, असे आमचे 'हे' म्हणतात. ते म्हणणे अगदीच खोटे नाही.

सासूबाईंचे हे वेड जुने आहे. शाळकरी वयात भूमितीच्या पुस्तकात बाबूराव अर्नाळकरांचे पुस्तक दडवून त्यांनी झुंजार वाचला, काळा पहाड वाचला. पुढे 1998 साली 'सी.आय.डी.' सुरू झाली तेव्हा शिवाजी साटमांचा प्रद्युम्न आणि दरवाजे तोडणारा दया ही दोन माणसे आमच्या घरात नातेवाइकांसारखी वावरू लागली. आता माझ्या मुलीने तो नवा टीव्ही आणला आहे, त्यावर साता समुद्रांपलीकडचे गुन्हे बसल्या जागी दिसतात. इंग्रजी उच्चार सासूबाईंना पेलत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून दुभाष्याचे काम करते. दिवसभर वर्गात अर्थ सांगायचा आणि रात्री घरात. मराठीच्या प्राध्यापिकेला सुटका नाही.

पण ह्या नव्या पोलिसांवर सासूबाईंचा राग आहे. "ह्यांना झाले आहे तरी काय?" त्या विचारतात. "एकाला हृदयविकार, एकीला दारू, तिसऱ्याची बायको सोडून गेलेली. आधी ह्यांचाच कुणीतरी तपास करायला हवा!"

मी हसले खरी, पण प्रश्न डोक्यात राहिला. आमच्या लहानपणीचा डिटेक्टिव्ह कसा असे? त्याला भूक लागत नसे, त्याचे डोके दुखत नसे, आणि मुख्य म्हणजे त्याचे कधी चुकत नसे. शेरलॉक होम्स कोकेन टोचून घेई, पण त्याची खंत डॉक्टर वॉटसनला, होम्सला नाही. गुन्हा बाहेरच्या जगात होई, डिटेक्टिव्ह तो धुऊन काढी, आणि शेवटच्या पानावर जग पुन्हा स्वच्छ होई. आपण पुस्तक मिटून निर्धास्त झोपत असू.

हा निर्धास्तपणा केव्हा गेला, ह्याचा विचार करताना मला एक वर्ष आठवते: 1991. ब्रिटनमध्ये त्या वर्षी मार्च महिन्यात 'बर्मिंगहॅम सिक्स' म्हणून ओळखली जाणारी सहा माणसे तुरुंगातून सुटली. बाँबस्फोटांच्या आरोपावरून 1975 साली त्यांना जन्मठेप झाली होती, आणि सोळा वर्षांनी न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. 'गिल्डफर्ड फोर' ह्या चौघांचेही 1989 साली असेच झाले होते. दोन्ही खटल्यांत पोलिसांनी मिळवलेले कबुलीजबाब विश्वासार्ह नव्हते. पोलीस चुकतात, आणि त्यांच्या चुकीपायी निरपराध माणसाचे तारुण्य कोठडीत संपते, हे घराघरांत कळले. त्याच वर्षी तिथल्या टीव्हीवर 'प्राइम सस्पेक्ट' ही मालिका आली. हेलन मिरेनने रंगवलेली जेन टेनिसन पुरुषांच्या कचेरीत एकटी झगडते; जिंकते, पण जिंकता जिंकता एकटी पडत जाते. 2006 सालच्या शेवटच्या भागात ती निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे, आणि दारूने तिला पुरते घेरले आहे. त्या बातम्यांमुळेच ही मालिका निघाली असे मी म्हणत नाही. पण ज्या प्रेक्षकांनी त्या बातम्या वाचल्या होत्या, त्यांना आता निष्कलंक पोलीस पचला नसता.

पुढे ही लाट डेन्मार्कपर्यंत पोचली. 2007 सालच्या 'फोर्ब्रिडेल्सन' मालिकेत सारा लुंड एकाच मुलीच्या खुनाचा तपास वीस भाग करते. त्या तपासात तिचा सहकारी जिवाला मुकतो. तिचा मुलगा तिच्यापासून दुरावतो. आणि 2012 साली शेवटच्या भागात, ज्याचा गुन्हा आपण कधीच सिद्ध करू शकणार नाही अशा माणसाला ती गोळी घालते आणि परागंदा होते. इतकेच काय, अगाथा ख्रिस्तीबाईंनीदेखील आपल्या पॉयरोला सोडले नाही. 1975 साली आलेल्या 'कर्टन'मध्ये तो म्हातारा, नीटनेटका, मिशांना जपणारा पॉयरो स्वतःच एक खून करतो, आणि आपण केले ते बरोबर की चूक ह्याचा निकाल मनाशी न लागताच मरतो. डेव्हिड सूशेने 2013 साली ती भूमिका केली, तेव्हा सासूबाई दोन दिवस माझ्याशी फुरंगटून होत्या. जणू मीच पॉयरोला बिघडवले!

आता एक कबूल केले पाहिजे. दोष ही हल्ली एक फॅशनही झाली आहे. लेखकाला पोलीस खोल दाखवायचा असला की त्याच्या हातात ग्लास द्यायचा, भिंतीवर घटस्फोटित बायकोचा फोटो टांगायचा, आणि त्याला पावसात उभा करायचा. ही खोली नव्हे, ही रंगरंगोटी. माझी एक साधी कसोटी आहे: डिटेक्टिव्हचा दोष काढून टाकला तर गोष्ट बदलते का? बदलत नसेल, तर तो दोष फुकट. आणि दुसरी कसोटी अशी, की त्याच्या दुःखाकडे पाहता पाहता जो मेला त्याला आपण विसरलो का? विसरलो असू, तर लेखकाने आपल्याला फसवले.

ह्या दोन्ही कसोट्यांना उतरलेली मालिका म्हणून मी 'ब्रॉडचर्च'चे नाव घेईन. 2013 साली आलेली, ख्रिस चिबनॉलने लिहिलेली. (रहस्य फोडते आहे, वाचकांनी क्षमा करावी; ज्यांना अजून पाहायची असेल त्यांनी चार परिच्छेद ओलांडून जावे.) इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे लहानसे गाव, आणि समुद्रकाठी कड्याखाली सापडलेला अकरा वर्षांच्या डॅनीचा मृतदेह. तपासाला दोघे आहेत. ॲलेक हार्डी बाहेरून आलेला, आजारी, आधीच्या एका खटल्यातला पुरावा गहाळ झाल्याची नाचक्की माथी घेऊन आलेला. वास्तविक तो पुरावा त्याच्या पोलीस असलेल्या बायकोच्या हातून गेला होता, तीही परपुरुषाबरोबर असताना; पण मुलीच्या डोळ्यांत आई उतरू नये म्हणून ह्याने दोष आपल्यावर घेतला आहे. दुसरी एली मिलर. ती त्याच गावची. तिला सगळे ओळखतात, आणि आपणही सगळ्यांना ओळखतो असे तिला वाटते. डॅनीची आई तिची मैत्रीण.

तपासात एलीसमोर एक बाई येऊन बसते. त्या बाईच्या नवऱ्याने पूर्वी घरातल्या घरात पोटच्या मुलींच्या बाबतीत भयंकर कृत्य केलेले असते. एली तिला विचारते: तुम्हांला कळले कसे नाही? प्रश्न साधा आहे. आपणही विचारला असता. वर्तमानपत्र वाचताना आपण तो किती वेळा विचारतो! आणि मग शेवटच्या भागात हार्डी एलीला सांगतो की डॅनीला मारणारा तिचाच नवरा आहे. तिच्या शेजारी निजणारा, तिच्या मुलांना डबे भरून देणारा. तेव्हा डॅनीची आई तोच प्रश्न एलीला विचारते, आणि एलीपाशी उत्तर नसते.

इथे दोष म्हणजे दारू नव्हे, घटस्फोट नव्हे. एलीचा दोष एवढाच की तिने आपल्या माणसावर विश्वास टाकला. कायद्याच्या पुस्तकात ह्याला कलम नाही. पण गोष्ट इथेही थांबत नाही. नवरा समोर आल्यावर एली कोठडीत त्याला लाथांनी तुडवते. पाहताना आपल्याला बरेच वाटते, हे खोटे कशाला बोलावे! आणि 2015 सालच्या दुसऱ्या भागात त्या लाथांचे बिल येते. तो न्यायालयात गुन्हा नाकबूल करतो. आरोपीला पोलीस ठाण्यात मारहाण झाली, म्हणून त्याचा कबुलीजबाब बाद ठरतो, आणि शेवटी तो सुटतो. एलीच्या रागाची किंमत डॅनीच्या आईला मोजावी लागते.

आपल्याकडे तर पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबितच करता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात हे 25 वे कलम होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते 23 वे आहे. कायदा पोलिसाच्या रागाला ओळखून असतो. आपण प्रेक्षक मात्र दर वेळी नव्याने टाळ्या वाजवतो.

इंग्रजीतल्या 'गिल्ट' ह्या एका शब्दात न्यायाधीशाने ठरवलेला दोष आणि मनाला लागलेली टोचणी ही दोन्ही येतात. मराठीने त्यांची घरे वेगळी ठेवली आहेत. गुन्हा सरकारचा, अपराध माणसामाणसांमधला, आणि सल फक्त आपला. गुन्ह्याला शिक्षा असते, अपराधाला क्षमा असते. सलाला काय असते? नारायणरावाच्या 1773 सालच्या खुनानंतर रामशास्त्र्यांनी राघोबादादाला जे सांगितले म्हणतात, त्यात शब्द शिक्षा हा नाही. प्रायश्चित्त हा आहे. शिक्षा दुसरा देतो, प्रायश्चित्त आपण घ्यायचे असते. हे नवे डिटेक्टिव्ह सगळे प्रायश्चित्त शोधत हिंडणारे लोक आहेत, आणि ते कुठे मिळते हे त्यांना ठाऊक नाही.

मला तरी कुठे ठाऊक आहे? चौदा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. पहिल्या बाकावर बसे, वहीचा समास हातभर सोडी, आणि लिहिलेले नेमके असे. मग ती मागच्या बाकावर गेली. मग येईनाशी झाली. एक दिवस निबंधाची वही घेऊन आली, मुदत संपून तीन आठवडे झाले होते. काहीतरी सांगू लागली. मी म्हटले, "घरची कारणे सांगू नकोस, सगळ्यांनाच घर असते." तिने मान हलवली, वही उचलली आणि गेली. पुढे तिच्या मैत्रिणीकडून कळले की वडील गेले होते, आणि ती एका कापडाच्या दुकानात उभी राहत होती. मी चौकशी केली तोवर त्यांनी बिऱ्हाड हलवले होते.

माझ्यावर कुणी ठपका ठेवला नाही. नियमाप्रमाणे माझे काही चुकलेही नव्हते. पण हजेरी घेताना एखादा क्रमांक सलग तीनदा रिकामा गेला की माझी पेन्सिल तिथे थांबते. तास संपल्यावर मी त्या मुलाच्या मित्राला गाठते. बहुतेक वेळा कारण क्रिकेट असते. तरी मी विचारते. त्या मुलीला त्याचा काही उपयोग नाही, हे मला कळते.

'ब्रॉडचर्च'चा पहिला भाग संपला त्या रात्री मी सासूबाईंना शेवटच्या संवादाचा अर्थ सांगितला. नेहमीसारख्या त्या काही बोलल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. शाल घडी करत राहिल्या. घडी चार वेळा उलगडली आणि चार वेळा घातली. मग उठता उठता म्हणाल्या,

"तिला कळले नव्हते, हे खरे असेल ग. मलाही नव्हते कळले."

आणि त्या आपल्या खोलीत गेल्या. कशाविषयी, कुणाविषयी, ते त्यांनी सांगितले नाही. लग्न होऊन मला तेवीस वर्षे झाली. ह्या बाईच्या डब्यातले मीठ कुठल्या फळीवर असते हे मला अंधारात सांगता येईल. पण त्या एका वाक्यामागे काय आहे, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी विचारावे असे मनात आले. विचारले नाही. काही गोष्टींचा तपास करायचा नसतो. दार लोटलेले ठेवून बाहेर बसायचे असते. ह्या दिवाळीत आम्ही दोघी करंज्या करायला बसू. त्या लाटतील, मी भरीन. त्यांना सांगावेसे वाटले तर तिथे वाटेल. घरची कारणे नकोत, असे ह्या वेळी तरी मी म्हणणार नाही.