रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?

अब्बांचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आला की घरात पहिला प्रश्न निघतो, 'मग आता गोळी कशाला?' गोळ्यांचे पाकीट कपाटात जाते. पुढे कित्येक महिने काहीच त्रास होत नाही. फसगत होते ती इथेच. कोलेस्टेरॉल वाढले तरी दुखत-खुपत नाही. अनेकांना ते कळते थेट हार्ट अटॅक किंवा लकवा आल्यावर.

हा मोजक्या लोकांचा त्रास नाही. 'आयसीएमआर-इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २० वर्षांवरील दर १०० जणांपैकी सुमारे ८१ जणांच्या रक्तातील चरबीत काही ना काही बिघाड आढळला. मात्र एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले सुमारे २४ जणच होते. आपल्याकडे चांगले कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, कमी असण्याचे प्रमाण फार मोठे आहे. म्हणून रिपोर्टमधला पहिलाच आकडा पाहून थांबू नका. साधारणपणे एलडीएल १०० च्या आत आणि ट्रायग्लिसराइड १५० च्या आत असावे. एचडीएल पुरुषांत ४० च्या व स्त्रियांत ५० च्या वर हवे. अटॅक येऊन गेला असेल तर एलडीएल ७० च्याही खाली ठेवावे लागते.

दस्तरखानावर सगळा दोष गोश्तालाच देऊ नका. गोड चहा, खारी, नानकटाई, सरबत यांनीही ट्रायग्लिसराइड वाढते. निहारी-पाया कधीतरी, डाळ, भाजी, मासे नेहमी. वनस्पती तूप टाळा, तळणीचे तेल पुन्हा वापरू नका. रोज अर्धा तास भरभर चाला. तंबाखू आणि मिश्री सोडाच.

स्टॅटिनची गोळी यकृतातले कोलेस्टेरॉल तयार होणे कमी करते. ती बंद केली की काही आठवड्यांत आकडे पुन्हा वर जातात. अंग फार दुखू लागले तर डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते, डोस कमी करता येतो. गरोदरपणाचा विचार असेल तर आधीच सांगा. रमजानमध्येही अडचण नाही. गोळी बहुधा दिवसातून एकदाच असते. डॉक्टरांना विचारून ती इफ्तारनंतर घेता येते.

तेव्हा रिपोर्ट नॉर्मल आला तर अल्लाहचे शुक्र माना, आणि गोळी चालू ठेवा. तो नॉर्मल आला आहे तो बहुधा तिच्यामुळेच.