आळस नव्हे, रक्तशोष

शेतकरी आळशी म्हणून कर्जबाजारी, हे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गरीब कापूसवाल्यांनाही हेच ऐकावे लागे. चेहरा फिका, दोन तासांत धाप, म्हणजे माणूसच आळशी, असा शहराचा निकाल. १९०२ साली चार्ल्स स्टाइल्स या प्राणिशास्त्रज्ञाने दाखवले, की दोष रक्त पिणाऱ्या जंताचा आहे. त्याचे नाव हुकवर्म, अंकुशकृमी. १९०९ साली रॉकफेलरने दहा लाख डॉलर देऊन मोहीम उभी केली. तपासलेल्या शाळकरी मुलांत शंभरातली सुमारे चाळीस बाधित निघाली. तपासले म्हणून कळले.

हा जंत मातीतून येतो. बाधित माणूस उघड्यावर बसला, की विष्ठेतली अंडी ओल्या, सावलीच्या जमिनीत एक-दोन दिवसांत फुटतात. आठवडाभरात अळी तयार होते आणि अनवाणी पायाची वाट बघत तीन-चार आठवडे तग धरते. बियाण्याला लागतो तसला वाफसाच तिलाही लागतो म्हणा ना! ती कातडीतून शिरते तेव्हा बोटांच्या बेचक्यात खाज सुटते. आपण चिखल्या समजून सोडून देतो. पुढे रक्तावाटे फुप्फुसात, तिथून घशात, गिळली गेली की आतड्यात. कमी पिणाऱ्या जातीचे शंभर जंत पोटात असले, तरी दिवसाला तीन मिलिलिटर रक्त जाते. महिन्याचे नव्वद झाले.

भारी काळ्या जमिनीपेक्षा रेताड, पोयट्याची जमीन या अळीला मानवते आणि वैशाखाच्या उन्हात ती टिकत नाही, हे खरे. पण निंदण श्रावण-भाद्रपदात चालते, आणि बसायची जागा म्हणजे नाल्याकाठची सावलीच असते.

‘चप्पल घाला’ म्हणणाऱ्याने ऑगस्टात कपाशीच्या एका तासातून चालून दाखवावे. चप्पल रुतते, पट्टा तुटतो, शेवटी ती बांधावर राहते. २०१९ साली गावे हागणदारीमुक्त जाहीर झाली. पण संडास घरी आणि बाई दिवसभर शेतात!

औषध महाग नाही. अल्बेंडाझोलची गोळी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वयाच्या मुलामुलींना फुकट मिळते. गरोदर बाईलाही देतात. निंदणारी, वेचणारी चाळिशीची बाई मात्र त्या दिवसाच्या यादीत नाही. जिथे शंभरात वीस स्त्रियांना असे जंत आहेत, तिथे १५ ते ४९ वयाच्या सगळ्यांना गोळी द्या, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ सालीच सांगितले आहे. आपल्याकडे वीस आहेत की पाच, हे मोजल्याशिवाय कसे कळणार? वेचणीची मजुरी किलोवर असते. अंगात रक्त नसेल तर तिचा दिवस किती किलोंचा होणार?

तेव्हा या बैठकीत ठराव घ्यावा: प्रत्येक तालुक्यातल्या दोन गावांत, वेचणी लागण्याआधी, प्राथमिक आरोग्य केंद्राने शेतमजूर व शेतकरी स्त्रियांची शौच व हिमोग्लोबिनची तपासणी करावी. आणि एक काम सरकारचे नव्हे, आपलेच. गोळीने पोटातले जंत पडतात, जमिनीतल्या अळ्या तशाच राहतात. तीन-चार शेतकऱ्यांनी मिळून विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब, उंचवट्यावर, आडोशाचा एक खोल खड्ड्याचा संडास पेरणीपूर्वी बांधावा.