यांत्रिक सोबतीचा हिशेब

जपानच्या ताकानोरी शिबाता यांचा 'पारो' हा सीलच्या पिलाच्या रूपातील यंत्रमानव २००५ पासून विक्रीस आहे. कुत्र्यामांजराचे रूप मुद्दामच टाळले. ते वृद्धांच्या परिचयाचे, नक्कल ताबडतोब उघडी पडली असती!

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये २८ शुश्रूषागृहांतील ४१५ स्मृतिभ्रंशग्रस्त वृद्धांची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना चालू पारो, काहींना यंत्रणा बंद ठेवलेला पारो देण्यात आला. उरलेल्यांची नेहमीचीच शुश्रूषा चालू राहिली. चालू पारोशी वृद्ध अधिक बोलले, त्याच्याकडे अधिक पाहत राहिले, हे मान्य केले पाहिजे. परंतु अस्वस्थता कमी करण्यासाठी खर्चाच्या मानाने सरस कोण, या २०१८ मधील हिशेबात पारडे किंचित झुकले ते नुसत्या मऊ खेळण्याकडे.

मग हजारो डॉलरांच्या यंत्राचा आग्रह कोणासाठी? वृद्धांनी ते कुरवाळले, म्हणजे त्यांना तेच हवे होते, असा निष्कर्ष काढणे हा अर्थशास्त्राचाही विपर्यास होय. निवड म्हणावयाची तर पर्याय समोर असावा लागतो. आठवड्यातून तीनदा, पंधरा पंधरा मिनिटे, शेजारी बसून बोलणारे माणूस हा पर्याय त्या चाचणीत ठेवलेलाच नव्हता.