आमचें दप्तर वाळवीच्या हवालीं

जुन्नरचा हातकागद एके काळीं फार नांवाजलेला होता. कागदी लोकांनीं लगदा कुटावा, ताव उचलावा, वाळवावा, घोटावा, तेव्हां कोठें लिहिणाराची बोरू चाले. लिहिणारांचीं दप्तरें आज पुण्यास सरकारी इमारतींत रुमालांत बांधून जपलेलीं आहेत. मग कागद करणाराचा साचा आणि त्याच्या हिशेबाची चोपडी कोणीं जपली? ज्याचें दप्तर राहिलें त्याचा इतिहास झाला. बाकीच्यांचें सरपण झालें!

आंबेगांव तालुक्याकडे पहा. ज्या गांवावरून तालुक्यास नांव पडलें, तें जुनें आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्यांत गेलें. कचेरी घोडेगांवीं, नांव आंबेगांवचें आणि गांव तळाशीं! उठून आलेल्या माणसांनीं बरोबर आणलेलीं जातीं, पाभरी, कागदपत्रें हीच आतां त्या गांवाची बखर. तीं भंगारांत किलोवर गेलीं, कीं गांव दुसऱ्यांदा बुडालें असें समजा.

कोणी म्हणेल, “मोट आणि ऐरण काय पहावयाची?” पुण्यांत दिनकर केळकर यांनीं जन्मभर दिवे, अडकित्ते, भांडीं अशा घरगुती वस्तू जमविल्या, आणि १९७५ सालीं तो संग्रह सरकारास दिला. आज लोक तिकीट काढून तो पाहतात. वस्तू आमच्याच घरच्या. मोल मात्र आम्हांस ठाऊक नाहीं.

तर गांवोगांव संग्रहालयें अवश्य काढा. पण पहिल्या वर्षीं हारतुरे, दुसऱ्या वर्षीं कुलूप व तिसऱ्या वर्षीं वाळवी, असलें संग्रहालय नको. आधीं एक वही घाला. वस्तूस आंकडा द्या, आणि ती कोणाची, कोणत्या गांवची, कोण वापरी, हें त्या आंकड्यापुढें लिहा. ज्या कोयत्याचा धनी ठाऊक नाहीं तो नुसता लोखंडाचा तुकडा होय.

आपल्या घाटमाथ्याकडील पाऊस भिंती पाझरवितो. म्हणून कांहीं भिंतीस टेकवूं नका, जमिनीवर ठेवूं नका. हातभर उंच फळी करा. मोडी कागद प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंडूं नका, आंत दमट धरून बुरशी येते. धुतलेल्या सुती कापडांत सैल बांधा. फाटल्यास चिकटपट्टी लावूं नका. लोखंड कोरडें पुसून तेलाचा हलका हात फिरवा. तांब्यापितळेस चिंच लावून घासूं नका, त्यावरील खुणा झिजतात. पावसाळ्याआधीं व नंतर सर्व उघडून सावलींत वारा द्या. कागदांचे फोटो काढून एक प्रत दुसऱ्या गांवीं ठेवा.

याला लाखों रुपये लागत नाहींत. कोरडी खोली, एक वही आणि किल्ली सांभाळणारीं दोन माणसें लागतात; त्यांत एक बाई असावी, कारण घरांतील वस्तूंची माहिती तिलाच अधिक. जत्रेच्या मांडवास वर्गणी निघते, तशी या खोलीच्या कौलांसही निघावी.

बंधूंनो, बियाणें आपण निवडून, राख लावून, कणगींत जपतों, तें पुढच्या पेरणीसाठीं. ही खोलीही बियाण्याचीच कणगी आहे. ती गळूं देऊं नका.