गोळी बाहेरून आणा
शेजारच्या काकूंची औषधाची चिठ्ठी या आठवड्यात हातात आली. काका सुभेदार होते. ते गेल्यापासून ईसीएचएसचं कार्ड काकू देवघरात, कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवतात. माजी सैनिकांची ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. वर्गणी एकदाच भरायची, मग पॉलिक्लिनिकमध्ये उपचार आणि तिथून रेफरल घेऊन यादीतल्या खासगी रुग्णालयात कॅशलेस. अवलंबून असलेली मुलं, आईवडीलही त्यात येतात. बायपासपायी जमीन विकायची वेळ या योजनेने अनेक घरांवर येऊ दिली नाही, आणि त्याबद्दल मला तिचा अभिमान आहे. अडतं ते काकूंच्या चिठ्ठीतल्यासारख्या रोजच्या औषधांपाशी. साठा संपला की औषध बाहेरून घ्या, बिल जोडा, परताव्याची वाट पाहा. साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या फौजी गावातल्या, कुटुंब पेन्शनवर जगणाऱ्या बाईने इन्सुलिनसाठी आधी पैसे का मोजावेत? संपलेलं औषध तिला गावच्याच दुकानात, पॉलिक्लिनिकच्या खात्यावर मिळालंच पाहिजे. तोवर, काकूंनो, चिठ्ठीवर ‘उपलब्ध नाही’ असं लिहून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका आणि बिलाची झेरॉक्स घरी ठेवा.