कर्डे गावचे दीडशे रुपये

घरातले सामान उचलून कर्ज वसूल होत नाही, हे वसुलीच्या कामात चार-पाच मार्चअखेर काढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही फेब्रुवारी उजाडला की शिरूर, शिक्रापूर, केडगाव, दौंडच्या गल्ल्यांत टेम्पो लागतात आणि त्यांत फ्रिज, टीव्ही, सोफा, कपाट चढू लागते. हप्त्यावर घेतलेल्या तीन वर्षे जुन्या फ्रिजला लिलावात काय बोली येते, ते विचारू नये. टेम्पोचे भाडे, हमाली आणि गोदामाची जागा धरली तर बहुतेक वेळा पतसंस्थेलाच पदरचे घालावे लागतात. मग तो फ्रिज आपण उचलतो कशासाठी? शेजाऱ्यांनी बघावे म्हणून. संचालक मंडळाच्या बैठकीत हे कुणी बोलून दाखवत नाही, पण पंचनाम्यावर सही करणाऱ्या पंचालासुद्धा ते कळलेले असते.

आपल्या वाचकांपैकी काहींना हे पटणार नाही. ‘सामान दारात आले की दोन तासांत पैसे येतात,’ हा त्यांचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. पण ते पैसे कुठून येतात? मेव्हण्याकडून उसने, नाहीतर खासगी सावकाराकडून महिन्याच्या व्याजाने. आपल्या खतावणीतली थकबाकी दुसऱ्याच्या वहीत गेली, एवढेच घडते; सहा महिन्यांनी तोच कर्जदार पुन्हा थकतो, आणि आता त्याच्या कमाईवर आपल्याआधी दुसऱ्याचा हात असतो.

शिरूर तालुक्याला हा धडा फार पूर्वी मिळाला आहे. डिसेंबर 1874 मध्ये कर्डे येथे काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या शेतकऱ्यावर हुकूमनामा मिळवला. रक्कम दीडशे रुपये. कागद पक्का होता, कोर्ट सावकाराच्या बाजूने होते. त्याने देशमुखांचे घर पाडायला घेतले. कायद्याने त्याला अडवले नाही, उत्तर गावाने दिले. कर्डेकरांनी सावकारांशी व्यवहार तोडले, बलुतेदारांनी त्यांची कामे नाकारली आणि हा बहिष्कार आसपासच्या गावांत पसरला. पुढच्या मे महिन्यात, 12 तारखेला, भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगा उसळला. आजचा दौंड तेव्हा भीमथडीतच होता. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा खते, रोखे आणि वह्यांवर होता. कागद हाती आले की जाळायचे, हाच बहुतेक ठिकाणचा प्रकार. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या या उठावाला इतिहासात दख्खनचे दंगे म्हणतात.

त्यामागची कारणे अर्थातच एका घरापेक्षा मोठी होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला आलेला भाव 1865 नंतर कोसळला, 1867 पासून सारा वाढवला गेला आणि पूर्वी पिढ्यान्‌पिढ्या चालणारे देणेघेणे कोर्टाच्या मुदतीत अडकल्याने दर तीन वर्षांनी रोखा नवा होऊ लागला, व्याज मुद्दलात मिसळून. यातले एकही कारण काळूरामने निर्माण केलेले नव्हते. घर पाडण्याचा निर्णय मात्र त्याचा होता, आणि लोकांच्या लक्षात राहिले ते घर. दीडशे रुपयांच्या वसुलीने सगळ्या जिल्ह्याची सावकारी धोक्यात आली.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबले, रोख्यामागचा खरा हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला आणि हप्ते बांधून देता येऊ लागले. न्यायमूर्ती रानड्यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. आज आपण ‘पुनर्बांधणी’ म्हणून जे मोठ्या ऐटीत सांगतो, त्याचे मूळ इथे आहे.

त्याच विचाराची दुसरी खूण 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. कलम 60 म्हणते की ऋणकोचे आणि त्याच्या बायकामुलांचे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे, शेतकऱ्याची औते, बैल आणि बियाणे जप्त करता येत नाही. धर्माच्या रूढीने जो दागिना स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाही, तोही नाही. म्हणजे मंगळसूत्राकडे बघायचेसुद्धा नाही. कलम 62 सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी घरात शिरायला मनाई करते. ही कलमे कोर्टाच्या हुकूमनाम्यासाठी आहेत. सहकार कायद्याच्या कलम 101 खालचा वसुली दाखला आणि नियम 107 ची जप्ती यांची वाट निराळी आहे, हे आम्ही जाणतो. पण घरात पाऊल टाकताना हीच यादी खिशात ठेवायला कुणी अडवलेले नाही. दंडेली करणाऱ्या कनिष्ठाला आवरताना ती फार उपयोगी पडते.

गाडीचे तसे नाही. गाडीला बाजार आहे, आरसी बुकावर बोजाची नोंद आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 प्रमाणे ताबा घेतल्यावर नमुना 36 भरून वित्तसंस्था स्वतःच्या नावे नोंदणी करून घेऊ शकते. आमचा आक्षेप पद्धतीला आहे. चौफुल्यावर चार पोरे आडवी घालून चावी हिसकावणे, हा ताबा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये प्रकाश कौर प्रकरणात अशा वसुलीची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. सप्टेंबर 2022 मध्ये झारखंडच्या हजारीबागेत ट्रॅक्टर ओढून नेताना शेतकऱ्याची गरोदर मुलगी त्याखाली सापडून गेली. आठवड्याभरात रिझर्व्ह बँकेने संबंधित वित्तकंपनीला बाहेरच्या एजंटांकरवी वसुली करायला मनाई केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नका, असे परिपत्रक निघाले होते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, म्हणून ते आपल्याला लागू नाही, असे सांगणारे सचिव आम्हांला भेटले आहेत. त्यांना रात्री दहाला कुणी फोन केला तर चालतो का, ते कळले नाही.

ताबा घ्यायचाच असेल तर आधी नोटीस, पोलीस ठाण्यात आगाऊ सूचना, जागेवर फोटो आणि गाडीतल्या प्रत्येक वस्तूची यादी. डबा, चार्जर, मुलाचे दप्तर, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळे परत. मालवाहू गाडीत तर दुसऱ्याचाच माल असतो. रांजणगाव एमआयडीसीत सुटे भाग पोचवणारा छोटा हत्ती ओढला की त्या दिवसापासून हप्ता भरणारी कमाईच थांबते आणि गाडी यार्डात पावसाळा काढते. बॅटरी उतरते, टायर बसतात, बोली घसरते. अशा कर्जदाराला दोन महिने गाडी चालवू देऊन रोजचे भाडे थेट खात्यात घेणे पुष्कळदा परवडते. गाडी परगावी विकायच्या बेतात असलेल्याची गोष्ट वेगळी, तिथे उशीर करू नये.

आणि खरे दुखणे बरेचदा तारखेचे असते. कुरकुंभ किंवा सणसवाडीतल्या ठेकेदारी कामगाराचा पगार दहा-बाराला होतो, त्याचा हप्ता मात्र पाचला लागतो. दरमहा चेक परत, दरमहा दंड, आणि वर्षाअखेर तो ‘सवयीचा थकबाकीदार’ ठरतो. दौंडच्या बागायती पट्ट्यात उसाचे बिल किंवा गुऱ्हाळाची पट्टी हाती येईपर्यंत दरमहाच्या हप्त्याला अर्थच नसतो. कारखाना बंद राहिला तर तीही आशा संपते. कर्ज देतानाच हे विचारायला एक मिनिट लागते. शाखाधिकारी ते विचारत नाहीत, कारण त्यांचे उद्दिष्ट वाटपाचे असते, वसुलीचे आपले.

पुढच्या अंकासाठी वाचकांनी एवढेच पाठवावे: गेल्या आर्थिक वर्षात आपल्या संस्थेने घरगुती सामानाच्या किती जप्त्या केल्या, त्यावर खर्च काय झाला आणि लिलावातून हाती काय आले. कर्जदाराचे वा संस्थेचे नाव नको, आकडे हवेत. कोणाचे आकडे आम्हांला खोटे पाडणारे असतील तर ते आधी छापू.