दुसरी भाषा शिकायची कोणी?

शहागंजच्या बाजारात गिऱ्हाईक मराठीत भाव विचारते, दुकानदार दखनी उर्दूत सांगतो, घासाघीस दोन्ही भाषांत होते आणि सौदा पटतो. छत्रपती संभाजीनगरात याचे कोणाला नवल वाटत नाही. दखनीतला ‘नक्को’ आणि ‘मैंच’, ‘उनेच’मधला ठासून बोलणारा ‘च’ मराठीच्याच शेजाराने आला. इथून जवळच पैठणला, सोळाव्या शतकात, संत एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला, तोही दोन्ही बोलींत. बोलण्यातली ही द्विभाषिकता सहवासातून आपसूक येते. तिला शासन निर्णय लागत नाही.

लिहिण्या-वाचण्याची गोष्ट वेगळी. तिथे कोणी कोणाची भाषा शिकायची, हे सत्ता ठरवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबाद संस्थानाच्या दरबारी कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. मराठवाड्यातल्या मराठी मुलाला शिकायचे, वकिली किंवा नोकरी करायची तर उर्दूला पर्याय नव्हता. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांच्यासारख्यांनी त्या सक्तीचे विद्वत्तेत रूपांतर केले. फारसी-उर्दू साधने मराठी वाचकापर्यंत आणली. पण म्हणून सक्ती न्याय्य ठरत नाही.

1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि पारडे फिरले. मराठी राज्यकारभाराची भाषा झाली, ते योग्यच झाले. 2020च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची केली. आज उर्दू माध्यमाचा विद्यार्थी एकाच दिवसात उजवीकडून डावीकडे उर्दू लिहितो आणि डावीकडून उजवीकडे मराठी, इंग्रजी. मराठी माध्यमाच्या मुलाला मात्र उर्दू लिपी ओळखण्याचेही कारण उरलेले नाही. पूर्वी दोन भाषांचा भार एकाच्या खांद्यावर होता, आता दुसऱ्याच्या आहे.

त्याची किंमत सगळ्यांनाच मोजावी लागते. सप्टेंबर 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी न्या. संदीप शिंदे समिती मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा निजामकालीन कागद उर्दू आणि मोडीत निघाले. ज्यांच्या पणजोबांची नावे त्या कागदांवर होती, त्यांना ती वाचता येईनात. जाणकार शोधावे लागले. जमिनीचे, जातीचे, वारशाचे पुरावे दप्तरात पडून आहेत आणि वाचणारे कमी होत आहेत.

एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीसोबत उर्दू राहू दिली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, हे बजावले. म्हणजे दोन भाषा सोबत नांदायला कायदा आडवा येत नाही. आडवी येते ती दोन भाषांनी मूल गोंधळते ही पालकांची समजूत. एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी 1962 मध्येच मॉन्ट्रियलच्या मुलांवरील अभ्यासातून तिला धक्का दिला होता. दोन्ही भाषांत पक्की असलेली मुले बुद्धिमापनाच्या चाचण्यांत मागे नव्हती, उलट पुढे होती. कळीचा शब्द ‘पक्की’ हाच. दोन्हीकडे अर्धवट राहिलेल्या मुलाला हा लाभ आपोआप मिळत नाही.

म्हणून दोन गोष्टी एकदमच व्हाव्यात. उर्दू शाळांत मराठी केवळ उत्तीर्ण होण्यापुरती न राहता अर्ज, बातमी, कथा सहज वाचता-लिहिता येईल इतकी शिकवली जावी. त्यासाठी शिक्षकही तसेच नेमावेत. आणि मराठी विद्यार्थ्याला उर्दू व मोडी लिपीचे छोटे, ऐच्छिक अभ्यासक्रम जिल्ह्यातच मिळावेत. सक्ती नको, तिचा अनुभव या भूमीने घेतला आहे. पण मराठवाड्याचा इतिहास वाचायला दरवेळी बाहेरून माणूस बोलवावा लागणे मराठीच्या हिताचे नाही. उर्दू वाचता आल्याने कोणाची मराठी उणी होत नाही. मुलांना मराठी शाळेतून काढल्याने मात्र नक्की होते. मराठीच्या काळजीचा रोख तिकडे हवा.